पुढचा शाफ्ट काढलेली जीप चालवावी का?

प्रश्न : माझ्याकडे जुनी फोर बाय फोर जीप आहे. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तुटला म्हणून मेकॅनिकने शाफ्टच काढून ठेवला. अशी गाडी चालवली तर गिअरबॉक्स जाईल, असं सगळे सांगतात. आवणीचे दिवस आहेत, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. काय करू?
– एक वाचक, राजूर (ता. अकोले)

उत्तर : गाडी खुशाल चालवा, गिअरबॉक्सला काही होणार नाही. या जीप एरवीही मागच्याच चाकांवर पळतात. पुढच्या चाकांना ताकद लिव्हर टाकल्यावरच मिळते. ट्रान्स्फर केसच्या पुढच्या तोंडावरचा फ्लँज जागेवर आहे ना, तिथून ऑइल गळत नाही ना, हे मात्र खाली वाकून पाहा. (कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं वेगळं. मधलं डिफरन्शियल लॉक केलं नाही, तर त्या जागच्या हलत नाहीत.)

फोर बाय फोरच्या लिव्हरला हात लावू नका. लो टाकलात, तर सगळा जोर एकट्या मागच्या अॅक्सलवर येतो आणि तो तुटू शकतो. अकोल्यापर्यंत डांबरी रस्त्याने जायला हरकत नाही. घाटघर-साम्रदकडे गेलात तरी डांबर सोडू नका. ओल्या कच्च्या उतारावर इंजिनाचा आवर फक्त मागच्या चाकांना मिळतो आणि तीच आधी घसरतात. खाचराच्या चिखलात तर नकोच.

मागचा शाफ्ट काढून, पुढच्यावर गाडी चालवायचा विचारही करू नका. जुन्या जीपचा हँडब्रेक त्या मागच्या शाफ्टलाच धरतो.