एका पायाचा शीण

श्रावण अर्धा सरला की माझ्या दवाखान्यात एक वाक्य वरचेवर ऐकू येऊ लागतं. बोलणारा बदलतो, वाक्य तेच. "काय नाय ओ डॉक्टरबाय, परवासाचो शीण आसा." मग मी विचारते, शिणासाठी डॉक्टर कशाला लागतो? शीण झोपेने जातो. तुम्ही इथवर आलात म्हणजे तो शीण नाही, हे तुम्हालाही आतून कळलंय.

पूर्वी या दिवसांत यायचे ते सणाचे चाकरमानी. पाच-सात दिवस राहून परत जायचे. हल्ली दरवर्षी त्यांच्यात काही कायमचे आलेले भेटतात. नोकरी संपली, लालबागची खोली मुलाला दिली किंवा भांडुपची विकली, गावच्या घरावर नवं छप्पर चढवलं आणि 'यंदाचा गणपती आपल्याच घरात' म्हणून बिऱ्हाड उचललं. पलंग-कपाट टेंपोत पुढे जातं आणि टेंपोत जे देववत नाही ते गाडीत, माणसांच्या पायांत. मुंबई ते मालवण पाचशेच्या वर किलोमीटर. एरवी दहा-बारा तास लागतात. गणपतीच्या तोंडावर पनवेलपासून रांग लागली की मग देवच राखणारा.

गेल्या वर्षी असेच एक काका आले. वय बासष्ट, काटक, साखर नाही, बीपीची एक गोळी. डाव्या पायाची चप्पल हातात. "दोन दिवस तेल चोळतंय, पण सूज उतरणा नाय." तेल तिळाचं, चोळणारा वाडीतला नावाजलेला. पोटरी तुकतुकीत, गरम, आणि उजवीपेक्षा नजरेलाच जाड. प्रवास किती तास झाला, विचारलं. सतरा. मध्ये कितीदा उतरलात? काका गप्प. त्यांच्या सौ. म्हणाल्या, "उतरतील कसे, मांडीवर देव होते ना."

घरचे टाक आणि बाळकृष्ण टेंपोत कसे द्यायचे, म्हणून ते पितळी डब्यात घालून काकांनी मांडीवर घेतले होते. पायांखाली तांदळाचा डबा, त्यामुळे गुडघे वर आणि मांडीची मागची बाजू सीटच्या कडेला दाबलेली. देव खाली ठेवायचे नाहीत, म्हणून उठायचं नाही. उठायला लागू नये, म्हणून पाणी प्यायचं नाही. "सारखी गाडी थांबवची लागता, म्हणान पाणीच पिवक नाय," हे त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं. लघवीची भानगड नको म्हणून सकाळची बीपीची गोळीही गाळली होती.

देवावरची श्रद्धा मला मान्य आहे. पण त्या सतरा तासांत काकांच्या पोटरीने एकदाही नीट आकुंचन पावून रक्त वर ढकललं नव्हतं. पायातलं रक्त हृदयाकडे चढतं ते चालताना पोटरीचे स्नायू ते पिळतात म्हणून. पिळणं थांबलं की रक्त साचतं, साचलं की कुणाकुणाचं खोलवरच्या शिरेत गोठतं. काकांना मी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं. डॉपलर तपासणीत गुठळी निघाली, गुडघ्याच्या वरपर्यंत गेलेली. रक्त पातळ करण्याची औषधं सुरू झाली, ती तीन महिने घ्यावी लागली. आज काका व्यवस्थित आहेत, माडांना पाणी घालतात. पण त्या दोन दिवसांच्या मालिशीत गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता, तर मला भेटायला ते आलेच नसते. हे त्यांना मी तोंडावर सांगितलं. सौ. रडल्या, मालिशवाला माझ्यावर अजून रागावलेला आहे.

म्हणून हे आधी लक्षात ठेवा: शीण दोन्ही पायांना येतो. लांबच्या प्रवासाने दोन्ही पावलं सुजणं नेहमीचं आहे. रात्री पायांखाली उशी घेऊन झोपलं की सकाळी सूज ओसरते, त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही. (दोन्ही पाय सुजलेलेच राहिले किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर या. ते हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं असू शकतं.) एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, लालसर-निळसर दिसली, तर तो शीण नव्हे. शिंप्याची टेप घ्या. गुडघ्याखाली पुढे हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक म्हणजे त्याच दिवशी तपासणी. फरक कमी आहे पण एक पोटरी दुखतेच आहे, तरीही दाखवायचंच. टेप ही घाबरवण्यासाठी आहे, धीर देण्यासाठी नव्हे. आणि चोळायचं नाही. तेल नको, बाम नको, गरम विटेचा शेक नको.

या दुखण्याला लोक 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' म्हणू लागले, त्यामुळे ते विमानाने जाणाऱ्यांचं आहे असा समज झाला. त्याचा संबंध एकट्या विमानाशी नाही. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा लोक आसऱ्याच्या जागी रात्र-रात्र खुर्च्यांवर बसून काढत. कापडी आरामखुर्चीची लाकडी कड गुडघ्यांमागे रुतायची. फुप्फुसात गुठळी जाऊन तिथे झालेले मृत्यू कीथ सिम्पसन या शवचिकित्सकाने तेव्हाच नोंदवले होते. तांदळाच्या डब्यावर पाय ठेवून बसलेले काका मला त्या खुर्च्यांतच दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं की चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला, मग तो विमान, रेल्वे, बस, मोटार कशानेही असो, तर गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो. दुप्पट ऐकून धसका घेऊ नका. मूळ धोकाच थोडा आहे. विमानाच्या अशा प्रवासात साधारण ६,००० जणांत एकाला हा त्रास होतो. तुम्ही बहुधा उरलेल्या ५,९९९ मध्ये असाल. पण धोका प्रवासाबरोबर संपत नाही, काही आठवडे मागे राहतो. म्हणून मोदक खाऊन झाल्यावर, अगदी अनंत चतुर्दशीला सुजलेली पोटरीही प्रवासाच्या खात्यावर असू शकते.

आता पाण्याचं. 'प्रवासात पाणी कमी प्यावं' हा हट्ट मी इतक्या घरांत पाहिलाय की तो कुळाचारच वाटावा. पाणी न प्यायल्याने थेट गुठळी होते, असं मी म्हणणार नाही. माझं गणित साधं आहे: पाणी प्यालात तर लघवीला लागेल, लागली तर गाडी थांबेल, थांबली तर तुम्ही उतरून चालाल. लघवीला उतरणं हाच तुमच्या पोटरीचा व्यायाम आहे. वडखळ, माणगाव, पोलादपूर, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली, एवढे थांबे घ्याच. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं खरोखर चाला, गाडीला टेकून मोबाइल बघू नका. रांगेत अडकलात तर बसल्या बसल्या टाच जमिनीवर ठेवून चवडा वर-खाली करा, मग चवडा टेकून टाच. देवाचा डबा आळीपाळीने प्रत्येकाच्या मांडीवर द्या, देव रागावणार नाहीत.

बायकांना हे सांगताना माझी जीभ मात्र अडखळते. त्या पाणी पीत नाहीत ते हट्टाने नाही. हमरस्त्यावर स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते, हे मी स्वतः त्या रस्त्याने जाऊन अनुभवलंय. त्यामुळे गणपतीच्या दुसऱ्या दिवशी लघवीच्या जळजळीने हैराण झालेल्या बायका ओळीने येतात. त्यांना काय रागवायचं? घरच्या पुरुषांना एवढंच सांगते की निघण्यापूर्वी चांगल्या हॉटेलांचे थांबे ठरवा आणि 'आत्ताच तर गेली होतीस' हे वाक्य घरीच ठेवून या.

पण एका बाबतीत मी बायकांनाही बोलणार आहे. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. घरात गणपती, त्यात नवं घर, वास्तुशांत, आणि तारीख नेमकी त्याच आठवड्यात. मग औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, जाऊबाईंनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या. नॉरएथिस्टेरॉन नावाच्या या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या घटकात बदलतो, आणि तो रक्त गोठण्याकडे झुकवतो. बहुतेकींना काही होत नाही. पण ज्यांच्या घरात कुणाला अशी गुठळी झालेली आहे, वजन जास्त आहे, ज्या सिगारेट ओढतात किंवा ज्यांचं अलीकडे ऑपरेशन झालंय, त्यांनी या गोळ्या घ्यायच्या आणि वर सोळा तास गाडीत मुटकुळं करून झोपायचं, हा जुगार आहे. देवाला चालतं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, माझा तो विषय नाही. गोळी मात्र विचारल्याशिवाय नको. गरोदर बायका, नुकत्याच बाळंत झालेल्या, कॅन्सरचे उपचार चालू असलेले, आधी एकदा गुठळी झालेले, या सगळ्यांनी एवढ्या लांब निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं. काहींना दाबाचे मोजे लागतात, एखाद्याला इंजेक्शनही.

यावर उपाय म्हणून फोनवर काय काय फिरतं! 'निघण्यापूर्वी एक अ‍ॅस्पिरिन चघळा.' प्रवासासाठी म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, फायदा भरवशाचा नाही आणि पोटात रक्तस्राव करण्याची तिची खोड पक्की आहे. 'लसूण-दालचिनीचा काढा घ्या, शिरा मोकळ्या होतात.' लसूण आमटीत घाला. काकांना गोळ्या सुरू झाल्यावर त्यांच्या पुतण्याने नेमका हाच व्हिडिओ पाठवून 'इंग्रजी औषध बंद करा' असं कळवलं होतं. पुतण्या मोटारीचे सुटे भाग विकतो. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळीचंही सांगते: तिने झोप येते. चालवणाऱ्याने ती घ्यायची नाही, आणि घेणाऱ्याला बाकीच्यांनी दर दोन तासांनी हलवून उठवायचं.

आणि रोजची औषधं? दर वर्षी दोन-तीन कुटुंबांची औषधांची पिशवी टेंपोत जाते आणि टेंपो दोन दिवसांनी पोचतो. औषधं, फाइल, चष्मा तुमच्या हातातल्या पिशवीत, किमान पंधरा दिवसांचा साठा धरून. इन्सुलिन गार पिशवीत, पण बर्फाला चिकटवून नको. गाडीच्या पुढच्या काचेखाली तर नकोच. साखरेची गोळी घेऊन उपाशी बसू नका.

आता दुसरी पोटरी, म्हणजे दुसऱ्या दुखण्यातली. बिऱ्हाड आलं की बंद घर साफ करायचं निघतं. पाऊस चालू, परसात पाणी, पडवीत ओल, मांगरात उंदरांचं राज्य. मुंबईकर उत्साहाने अनवाणी उतरतो. उंदरांच्या मुतातले लेप्टोचे जंतू ओल्या मातीत, साचल्या पाण्यात टिकून राहतात आणि पायाच्या चिरेतून आत शिरतात. आठवडा-पंधरवड्याने ताप येतो. तोवर प्रवास जुना झालेला, म्हणून दोष जातो हवापाण्याला: "पाणी बदललां म्हणान ताप इलो." या तापातही पोटऱ्या दुखतात, पण दोन्ही, आणि दाबल्या तर माणूस ओरडतो. अंग मोडून येतं, डोळे लाल होतात, चिपडं मात्र नसतात. चार-पाच दिवसांनी ताप कधीकधी उतरतो, आणि माणूस 'बरं वाटतंय' म्हणून परत कोयता हातात घेतो. मग डोळे पिवळे, लघवी कमी, थुंकीत रक्त. हे पहिल्या दोन-तीन दिवसांत आमच्यापर्यंत आलं तर साध्या, स्वस्त औषधांनी आवरतं.

त्याऐवजी काय होतं? मोटारसायकलवरून फिरणारा कुणीतरी एक सलाईन, दोन इंजेक्शनं देतो. त्यात काय होतं ते त्याला विचारलं तर 'ताकदीचं' म्हणतो. किंवा दुकानातून अंगदुखीच्या जोरकस गोळ्या येतात, ज्या आधीच अडचणीत असलेल्या मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. तापाला पॅरासिटामॉल घ्या आणि दवाखाना गाठा. साफ करताना गमबूट, हातमोजे, चिरेवर पट्टी. लेप्टो होऊ नये म्हणून देतात ती डॉक्सीसायक्लिन घरात आहे म्हणून मनाने घेऊ नका, आरोग्य सेविकेला विचारा, कुणाला किती द्यायची ते तिला ठाऊक असतं.

यंदा काकांचे धाकटे भाऊ येणार आहेत, कायमचे. परवा त्यांनी डोंबिवलीहून फोन केला. थांबे लिहून घेतले, देवांचा डबा सुनेच्या मांडीवर द्यायचं कबूल केलं, वहीत टेपचा आकडा टिपला. मग विचारलं, "आणि चतुर्थीच्या दिवशीच पाय सुजलो तर?"

तर दवाखाना त्या दिवशी दुपारपर्यंत बंद असतो, पण घर मागेच आहे, कडी वाजवा. आणि श्वास अचानक अपुरा पडला, छातीत कळ आली, चक्कर येऊन पडलात किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर माझ्याकडेही येऊ नका. १०८ फिरवा आणि सरळ ओरोस.