फाइल गेली कुठे?

दहावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : "सर, याला कोडिंग लावू की एआय?" 'लावू' हा शब्द ट्यूशनचा आहे, तोच इथेही चालतो.

मागच्या जूनमध्ये एक वडील मुलाला घेऊन आले. दहावीला ९१ टक्के, तीन वर्षं ऑनलाइन कोडिंगचा क्लास, प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली. मी मुलाला माझ्या लॅपटॉपसमोर बसवलं. म्हटलं, गुणपत्रिकेचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून इथे उतरव, त्याची पीडीएफ कर, २०० केबीच्या आत आण आणि मला मेल कर. फोटो उतरला, पण नंतर तो सापडेना. कुठल्या फोल्डरमध्ये गेला, असं विचारलं तर मुलगा म्हणाला, "रिसेंटमध्ये दिसायला पाहिजे ना?" पाच मिनिटं खटपट करून त्याने शेवटी स्वतःच्या फोनवरचा तोच फोटो मला पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपवर. वडील माझ्याकडे बघत राहिले आणि मी लॅपटॉपकडे.

मुलगा ढ नव्हता. फोनने त्याच्यापासून फाइल ही गोष्टच लपवून ठेवली आहे. आम्ही शिकलो तेव्हा फ्लॉपीवर काय आहे ते वर चिठ्ठी चिकटवून लिहावं लागे, म्हणून फाइलला पत्ता असतो हे आपोआप कळलं. आता अ‍ॅप उघडलं की सगळं समोर हजर. पत्ता विचारायची वेळ येते ती अर्ज भरताना, आणि तेव्हा घरातले सगळे जण ई-सेवा केंद्रासमोर रांगेत असतात.

शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या 'असर'च्या २०२३ सालच्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींना स्मार्टफोन आणून त्यावर कामं करायला सांगितली होती. जवळजवळ ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरताही येत होता. व्हिडिओ शोधणं बहुतेकांना जमलं. पण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला किती वेळ लागेल, हे नकाशावरून काढणं एक तृतीयांशाहून थोड्याच अधिक जणांना जमलं. स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या निम्म्याहूनही मागे होत्या. मुलीला घेऊन येणाऱ्या पालकांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो.

महाराष्ट्रात सामान्य माणसाची संगणक साक्षरता म्हणजे एमएस-सीआयटी, हे समीकरण २००१ पासून रुळलं. हा कोर्स चालवणाऱ्या एमकेसीएलची केंद्रं तालुक्या-तालुक्यात पोचली, सरकारी नोकरीच्या जाहिरातीत अट आली, आणि अनेकांनी आयुष्यातला पहिला माउस तिथेच धरला. 'सर्टिफिकेटपुरता कोर्स' म्हणून त्याची थट्टाही भरपूर झाली. पण त्यात माणूस फोल्डर करायला शिकत होता, हे मला आज जास्त मोलाचं वाटतं.

दरम्यान शाळेची पट्टी सरकली. सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आलं. इंग्लंडमध्ये हे आधीच घडून गेलंय. शाळेत नुसतं वर्ड आणि पॉवरपॉइंट शिकवतात अशी ओरड झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून तिथे आयसीटीच्या जागी 'कम्प्युटिंग' आलं, पाच वर्षांच्या मुलांनाही अल्गोरिदम. ओरड खरी होती. पण वर्ड कंटाळवाणं आहे म्हणून ते सगळ्यांना येतंच, असं धरून चालणं ही वेगळी चूक. आपण नेमकी तीच करायला निघालोय.

मी कोडिंगच्या विरोधात नाही. गणिताची, कोडी सोडवण्याची ओढ असलेल्या मुलाने ते जरूर शिकावं, फुकटही शिकता येतं. अकरावीला आयटी घ्यायचं असेल तर घ्या, बारावीला त्याची परीक्षा संगणकावरच होते. फक्त 'भाषेपेक्षा मार्क जास्त पडतात' एवढ्याच हिशेबाने घेऊ नका. घबराटीपोटी भरलेल्या क्लासच्या फीला मात्र माझा ठाम विरोध आहे.

कारण पहिल्या नोकरीत विचारतात ते वेगळंच. लिपिक-टंकलेखकाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला लागतात. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर आहे, तिथे माउस धरताना बिचकून चालत नाही. सीएच्या ऑफिसात, दवाखान्यात, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, सगळीकडे एक्सेल. बेरीज सूत्राने न करता कॅल्क्युलेटरवर करून आकडा टाइप करणारे पदवीधर मी पाहिलेत. आणि मराठीचा हट्ट धरणाऱ्या घरांसाठी एक खास गोष्ट : जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर गिचमिड होऊन उघडतो. म्हणून मुलाला युनिकोडमध्ये टाइप करायचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकवा. आठवडाभर बोटं अडखळतील, मग वळतात.

घरी संगणक नसेल तर वाचनालयात किंवा नातेवाइकांकडे रविवारी दोन तास मागून घ्या. घरखर्चाचा महिन्याचा तक्ता मुलाकडून करून घ्या. वीजबिलं वर्षवार फोल्डरमध्ये लावायला सांगा. बँकेला करायची तक्रार त्यालाच मेलवर लिहू द्या. ओटीपी मात्र त्याने कुणाला सांगायचा नाही. एआयकडून अर्ज लिहून घेतला तर त्यातलं नाव, तारीख, रक्कम त्याने तुमच्यासमोर मूळ कागदाशी ताडून बघायची. आणि सगळ्यात अवघड काम तुमचं : तो चुकत असताना माउस हिसकावून घ्यायचा नाही.

त्या मुलाला मी हेच सांगून पाठवलं. पंधरा दिवसांनी त्याचा मेल आला. विषयाची ओळ होती, गुणपत्रिकेची पीडीएफ १८४ केबीची होती, फाइलला त्याचं स्वतःचं नाव होतं. मजकुरात एकच शब्द : "सर".