मुखातील दुर्मीळ विकार : शाप नव्हे, कारण शोधावे

शरीराच्या आतील बहुतेक विकार आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. मुखातील विकार मात्र आरशासमोर उभे राहून स्वतःलाही पाहता येतात. असे असूनही मुखाकडे आपले लक्ष सर्वांत कमी असते. आणि तेथे काही विलक्षण दिसलेच, तर डॉक्टरांआधी भगताची आठवण होते. यास्तव आम्ही येथे चार विकारांची ओळख करून देत आहोत. त्यांपैकी तीन क्वचित आढळतात. चौथा मात्र आपल्या उंबरठ्यावर उभा आहे.

जबड्यात 232 दात

जुलै 2014 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विदर्भातील एका 17 वर्षांच्या मुलावर शस्त्रक्रिया झाली. त्याचा जबडा सुमारे दीड वर्ष सुजलेला होता. गावाकडे निदान होईना आणि कर्करोग तर नसेल, या धास्तीने वडिलांनी त्याला मुंबईस आणले. सुमारे सात तास चाललेल्या शस्त्रक्रियेत त्याच्या जबड्यातून लहानमोठे 232 दात काढण्यात आले. हा ‘ओडोन्टोमा’ नावाचा विकार होय. दात घडविणाऱ्या पेशींची वाढ बिघडली, की एका दाताच्या जागी दातांसारखे असंख्य कण किंवा एक कठीण गोळा तयार होतो. ही गाठ कर्करोगाची नसते व काढून टाकल्यावर सहसा पुन्हा उद्भवत नाही. म्हणजे त्या कुटुंबाची भीती अनाठायी ठरली. पण त्यांनी तपासणी टाळली असती, तर ती भीती कधीच फिटली नसती.

दातांसह जन्मलेले मूल

दोन-तीन हजार जन्मांमागे एखादे बाळ दात घेऊनच जन्मास येते. ते कुळाला अशुभ, असा समज आजही ऐकू येतो. वस्तुतः हे बहुधा त्याचे नेहमीचेच दुधाचे दात असतात. केवळ वेळेआधी उगवलेले. दात फार हलत असेल, तर तो निसटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्याने दंतवैद्य तो काढतात. घट्ट असेल, तर राहू देतात.

दुभंगलेला ओठ

जगात साधारणतः 700 जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. आपल्याकडे याचा दोष आईला दिला जातो : तिने ग्रहणात भाजी चिरली म्हणून! वास्तविक ओठ सांधला जातो तो गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात; त्या काळी पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत, हेही ठाऊक नसते. आनुवंशिकता, काही औषधे, गरोदरपणातील धूम्रपान ही त्यामागील कारणे होत. पहिल्या काही महिन्यांत ओठाची आणि साधारण दीड वर्षाच्या आत टाळूची शस्त्रक्रिया झाली, तर दूध पिणे व बोलणे सुधारते. आईला बोल लावण्यात गेलेला काळ बाळाच्या वाट्याचा असतो.

मिटत जाणारे तोंड

आता चौथा विकार. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये तोंड आक्रसत जाण्याचा एक विकार नोंदविला. पुढच्याच वर्षी डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांविषयी लिहिले. हाच ‘सबम्यूकस फायब्रोसिस’. इतर अनेक देशांत तो दुर्मीळ आहे; आपल्याकडे तो दुर्मीळ राहिलेला नाही. त्याचे प्रमुख कारण सुपारी. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतील मऊ अस्तराखाली ताठ तंतू साचत जातात. प्रथम तिखट सोसवत नाही, मग गाल आतून पांढुरके व ताठर होतात आणि अखेर घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. गेलेली लवचीकता पूर्णपणे परत येत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु नुसती सुपारी अनेकांना निरुपद्रवी वाटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. पाळीत काम करताना झोप येऊ नये म्हणून पुडी तोंडात टाकणारा कामगार आणि बापाच्या खिशातील पुडी पाहून तिची चव घेणारा मुलगा, या दोघांनाही हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

आपण काय करावे?

तोंड पूर्ण उघडून स्वतःचीच तीन बोटे एकावर एक अशी उभ्या रेषेत पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती मावत नसतील, तिखटाने सतत आग होत असेल किंवा तोंडातील जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पुढील तपासणीसाठी बोईसरहून लोकलने मुंबई सेंट्रलला उतरल्यास नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय जवळच आहे. सुट्टीत मूल घरी आले, की पालकांनी एकदा उजेडात त्याचे तोंड पाहावे.

विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली असून, ते न वापरण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. तेथे शापाचा उल्लेख नाही. आहे ती केवळ कारणे आणि त्यांचे परिणाम. आपल्या घरातील मुखविकारांकडेही आम्हांस याच दृष्टीने पाहावेसे वाटते.