गोळ्या चालू, तरी बाळाला धोका?

प्रश्न : वय २७. चार वर्षं एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. आता तिसरा महिना लागलाय. सासूबाई म्हणतात, पोरही तसंच निपजेल, पाडून टाक. गोळ्यांनी बाळाला व्यंग येईल या धास्तीने मी आठवडाभर त्या घेतल्या नाहीत. काय करू?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी आजची गोळी घ्या, मग पुढचं वाचा. उपचारच नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. गोळ्या नियमित असतील आणि रक्तातला विषाणू दबलेला असेल, तर पोटात आणि बाळंतपणात होणारी लागण शंभरात एकाहूनही कमी. म्हणजे बाळाला खरा धोका गोळी चुकवण्याचा आहे. या गोळ्यांतल्या डोल्युटेग्राविर या औषधाबद्दल २०१८ मध्ये व्यंगाची शंका निघाली होती, पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही.

उद्याच, गोळ्या मिळतात त्या एआरटी केंद्रात जा. गोळ्या चुकल्याचं लपवू नका, कोणी रागावलं तर रागावू दे. व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, ते तपासून घ्या. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्याने रुग्णालय तुम्हाला नाकारूही शकत नाही.

बाळाला जन्मल्यापासून नेव्हिरापिनचं औषध देतात, सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात. पक्कं उत्तर १८ महिन्यांनी. अंगावर पाजायचं ठरवलंत तर सहा महिने फक्त तेच: घुटी, मध, वरचं दूध नको. सासूबाईंना हे पटवणं सर्वांत अवघड, त्यासाठी त्यांना समुपदेशकाकडे सोबत न्या. मूल ठेवायचं की नाही, हे मात्र तुम्हीच ठरवायचं.