पाय दाबल्यावर गाडी उचलेपर्यंत

अबार्थ पुंटो ही माझी रोजची गाडी. २०१५ साली रांजणगावच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली, तेव्हा या किमतीत असं काही मिळतंय यावर विश्वास बसत नव्हता: १.४ लिटरचं टी-जेट पेट्रोल इंजिन, १४५ पीएस ताकद, २१२ न्यूटन मीटर टॉर्क, हाताने टाकायचे पाच गिअर. टर्बो गाडी घ्यायला निघालेला प्रत्येक जण मला हटकून विचारतो, "लॅग जाणवतो का?" जाणवतो. पण त्याच्याशी कसं जमवून घ्यायचं हे कळलं, की हीच गाडी घाटात मन हरखवून टाकते. पुण्याच्या गर्दीत आणि सह्याद्रीच्या वळणांवर जे उमगलं, ते इथे मांडतो.

१. लॅग म्हणून आपण जे ओळखतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात.

टर्बोमध्ये एक्झॉस्टचा वायू एक छोटं चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं; हा जादा दाब म्हणजे बूस्ट. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. आता काटा १५०० आरपीएमवर असेल, तर चाक जोरात फिरवण्याएवढा वायूच तयार होत नाही. पाय तळाला टेकवला तरी गाडी रेंगाळत राहते. हा झाला बूस्टचा उंबरठा. दुसरी गोष्ट खरा लॅग. काटा ३००० वर आहे, तुम्ही पाय उचलला आणि पुन्हा दाबला. वायू भरपूर आहे, पण मंदावलेलं चाक पुन्हा वेग घेईपर्यंत एक क्षण जातो.

दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. उंबरठ्याच्या खाली असाल तर गिअर उतरवा, रेस देऊन काही होत नाही. लॅग असेल तर रेस थोडी आधी द्या. ताम्हिणी चढताना पुढे एसटी आहे, वेग ताशी ३० आणि गाडी तिसऱ्यात असं धरा. काटा १५०० च्या आसपास घुटमळतोय. रस्ता मोकळा दिसला म्हणून तिसऱ्यातच पाय दाबला, तर गाडी उचलेपर्यंत समोर पुढचं वळण आलेलं असतं. मी मोकळा रस्ता दिसायच्या आधीच दुसरा टाकतो, एसटीपासून अंतर जरा जास्त ठेवतो आणि हलकी रेस देत काटा अडीच हजाराकडे जाऊ देतो. चालकाने हात दाखवला आणि समोरचं मला स्वतःला स्पष्ट दिसलं, की मग पाय. बारीकशी शिट्टी ऐकू येते, सीट पाठीला ढकलते आणि एसटी मागे पडते. ओव्हरटेकचा धोका उजव्या बाजूला किती सेकंद राहता यावर ठरतो, आणि ते सेकंद डावीकडे असतानाच वाचवायचे असतात.

२. वळणात बूस्ट कधी येणार, हे वळणात शिरण्याआधी ठरलेलं असावं.

ते ठरलेलं नसेल तर काय होतं, याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९७५ साली आलेली पहिली पोर्श ९११ टर्बो. तीन लिटरचं इंजिन, २६० अश्वशक्ती, फक्त चार गिअर आणि इंजिन मागच्या आसाच्याही मागे. चालक वळणात रेस द्यायचा, काहीच व्हायचं नाही, म्हणून आणखी दाबायचा. मग सगळी ताकद एकदम यायची. घाबरून पाय उचलला की वजन पुढे सरकायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि शेपूट बाहेर फेकली जायची. त्या गाडीला 'विडोमेकर' हे नाव उगाच पडलं नाही. पुढे पोर्शनेच २००६ च्या ९११ टर्बोत वायूचा मार्ग बदलणारी हलती पाती आणली. त्यामुळे लहान टर्बोची चपळाई आणि मोठ्या टर्बोची ताकद एकाच यंत्रात मिळाली.

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे इथे उलटं घडतं. आंबेनळीच्या अरुंद वळणात स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना बूस्ट आला, तर आतलं चाक जागच्या जागी फिरतं आणि गाडी नाक बाहेर काढून सरळ जायला बघते. पावसात तर हमखास. म्हणून ब्रेक आणि गिअर वळणाआधी उरकायचे, वळणाच्या मध्यावर अंगठ्याने दाबावी इतकीच रेस द्यायची आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की वाढवत न्यायची. जोर पोहोचतो तेव्हा चाकं सरळ झालेली असतात. हे जमलं की जो लयबद्ध चढ मिळतो, त्यासाठी मी पहाटे उठतो.

३. शहरात दुसरा गिअर तुमचा मित्र.

टर्बो इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो सहसा मुद्दाम थोडा कमी ठेवतात, म्हणून बूस्ट नसताना ते त्याच आकाराच्या साध्या इंजिनाहून सुस्त वाटतं. त्यात एसी. स्पीडब्रेकरनंतर तिसऱ्यात ओढत बसू नका. ऑटोमॅटिकवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावं. 'डी'मध्ये गिअरबॉक्स इंधन वाचवायला लवकर वरचा गिअर टाकतो आणि इंजिन उंबरठ्याखाली बसवतो. ओव्हरटेकआधी 'एस' करा.

४. वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय तळाला दाबणं टाळा.

यात इंजिनावर भयंकर ताण येतो. नव्या, लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांमध्ये अशा वेळी मिश्रण ठिणगीआधीच पेटू शकतं आणि पिस्टन फुटण्यापर्यंत वेळ येते.

५. हवा आणि उंची यांचा फरक अंगाला कळतो.

मे महिन्यात सोलापूरकडे जाताना गाडी मरगळते. दाबलेली हवा तापते, इंटरकूलरने ती थंड करायची तर त्याच्यावर येणारा वाराही तापलेलाच, आणि नॉकिंग टाळायला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ताकद आवरती घेतो. महाबळेश्वरी नेमकं उलट. तिथली उंची सुमारे १३७० मीटर. साधं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, पण टर्बो विरळ हवाही दाबून भरतो आणि ही घट बरीचशी भरून काढतो. पोलादपूरहून वर चढताना हा फायदा इतका स्पष्ट जाणवतो, की लॅगबद्दलची उरलीसुरली तक्रारही विरून जाते.

६. रीमॅप करायच्या आधी टायर आणि ब्रेककडे बघा.

रीमॅप करून, म्हणजे ईसीयूची सेटिंग बदलून, किंवा मोठा टर्बो बसवून आकडा वाढवायचा मोह अनेकांना होतो, पण ती ताकद पेलायला आधी टायर आणि ब्रेक हवेत. शिवाय मोठ्या टर्बोचं चाक जड असतं, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो आणि रोजच्या वापरातला लॅग वाढतो. साब कंपनीने १९७८ च्या ९९ टर्बोत नेमका उलटा विचार केला. टर्बो लहान घेतला, जास्तीचा एक्झॉस्ट वायू वेस्टगेटने बाहेरच्या बाहेर सोडून दिला, कमाल आकड्यापेक्षा कमी आरपीएमवरचा ओढा महत्त्वाचा मानला. ताकद होती १४५ अश्वशक्ती, म्हणजे माझ्या गाडीइतकीच! टर्बो रोजच्या गाडीत नांदू शकतो, हे दाखवून देण्याचं मोठं श्रेय मी त्या गाडीला देतो.

७. ऑइलमध्ये काटकसर नको.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि तोही ऑइलच्या पातळ थरावर. मॅन्युअलमधलाच ग्रेड भरा, वेळेत बदला. घाट तुडवून आल्यावर तापलेला टर्बो निवावा म्हणून शेवटचे एक-दोन किलोमीटर शांतपणे चालवा. शहरातून सावकाश आलात तर इंजिन चालू ठेवून थांबायची गरज नाही.

८. जुनी टर्बो गाडी बघायला गेलात तर इंजिन गार असतानाच पोहोचा.

माझी गाडी आता फक्त जुन्या बाजारातच मिळते, म्हणून हे मुद्दाम. गार इंजिन चालू करताना एक्झॉस्टमागे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावर हलक्या चढावर तिसऱ्यात २००० वरून पूर्ण रेस द्या. जोर भरत जायला हवा, मध्येच धक्के बसता कामा नयेत. शिट्टी बारीक असेल तर ठीक, सायरनसारखी चढत असेल तर बेअरिंग गेलं असण्याची शक्यता आहे. हवेचा फुसफुस आवाज येऊन ताकद पडत असेल, तर बहुधा एखादा पाइप सैल झालाय किंवा फाटलाय. पाइप स्वस्तात होतो. टर्बो बदलायचा निघाला, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.