वहीतल्या ‘पानी’ला संदर्भ कुठून आणायचा?

प्रश्न : मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपसाठी साकोली तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा मिळाली आहे. पाचवीची मुलं वहीत ‘सकारी’, ‘पानी’, ‘डोरा’ असं लिहितात; घरी बोलतात तसंच. कृतिसंशोधनासाठी मी ‘विद्यार्थ्यांच्या लेखनातील चुका’ हा विषय घेतला. संबंधित साहित्याच्या आढाव्यात अभ्यासपूर्ण संदर्भच हवेत, असं मार्गदर्शक मॅडमनी बजावलं आहे. गुगलवर मात्र शुद्धलेखनाचे नियम आणि स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, एवढंच मिळतं. आमच्या भागातल्या मुलांच्या लेखनावर कुणी कामच केलं नाही का? संदर्भ शोधायचे तरी कुठे?
– एक विद्यार्थिनी, जि. भंडारा

उत्तर : काम झालं आहे. ते तुमच्या विषयाच्या नावाखाली ठेवलेलं नाही, एवढीच अडचण आहे. ‘लेखनातील चुका’ असं टाइप केलं, की चुका दुरुस्त करून देणारी पानं येतात. त्या चुका का होतात, याचा विचार करणारी माणसं ‘चूक’ हा शब्द फारसा वापरत नाहीत. म्हणून संदर्भांच्या आधी प्रश्नाकडे वळू.

तुम्ही पाठवलेलेच तीन शब्द घ्या. सकाळीचं सकारी, डोळ्याचा डोरा : दोन्हीकडे ‘ळ’च्या जागी ‘र’. पाणीचं पानी : ‘ण’च्या जागी ‘न’. यात निष्काळजीपणा कुठेच नाही. तुमच्या भागात बोलल्या जाणाऱ्या झाडीबोलीत ‘ळ’ आणि ‘ण’ हे उच्चार नाहीत. मुलाने कानावर पडलं ते प्रामाणिकपणे कागदावर उतरवलं, आणि प्रत्येक वेळी एकाच नियमाने उतरवलं. मग तुमचा विषय असा होऊ शकतो : घरी झाडीबोली बोलणारी पाचवीची मुलं प्रमाण मराठी लिहिताना ‘ळ’ आणि ‘ण’ कुठे सोडतात, आणि नको तिथे कुठे घालतात?

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ‘इथे ळ लिही’ असं वारंवार ऐकलेलं एखादं मूल ‘वारा’ऐवजी ‘वाळा’ लिहितं का, हे वह्यांमधून शोधा. प्रमाणभाषेकडे ओढ घेताना माणसं मर्यादेपलीकडे जातात, हे विल्यम लबॉव यांनी १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या लोकांच्या बोलण्यात दाखवलं होतं. तसा ‘वाळा’ सापडला, तर मूल नियम शिकू पाहतंय याचा तो पुरावा ठरेल. लाल पेनाखाली तो बहुधा इतर चुकांबरोबर मोजला जातो आणि हरवतो.

आणखी एक काळजी घ्या. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वाराच्या चुका पहिल्याच दिवशी वेगळ्या काढा. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम (१९६२चे १४ आणि १९७२चे ४) मुख्यतः याच गोष्टींबद्दल आहेत. अशा चुका पुण्यातलं मूलही करतं. दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात गेले, तर तुमच्या भागाचं वैशिष्ट्य त्यात बुडून जाईल. हे नियम आढाव्यात जरूर येऊ द्या, पण प्रमाण लेखन म्हणजे काय हे सांगण्यापुरतेच. ते संशोधन नव्हे.

आता संदर्भ. पहिला तुमच्याच तालुक्यात आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्यभर झाडीबोलीचा अभ्यास केला. त्यांचं ‘झाडीबोली : भाषा आणि अभ्यास’ हे पुस्तक आणि झाडीबोलीचा शब्दकोश, ही दोन्ही तुमच्या संदर्भसूचीत सर्वांत वर हवीत. झाडीबोली साहित्य मंडळही साकोलीचंच. बोलीचं साहित्य संमेलन १९९२पासून भरत आलं आहे. या चळवळीतले लेखक ‘पानी’, ‘डोरा’ हे शब्द विचारपूर्वक, अभिमानाने छापतात. एकच शब्द मुलाच्या वहीत चूक ठरतो आणि छापील कवितेत भाषा ठरतो. आढाव्यातला एक परिच्छेद या विसंगतीला जरूर द्या. तो दुसरं कुणी लिहिण्यापेक्षा तुम्ही लिहिणं योग्य आहे.

त्याहून जुना आधार ग्रिअर्सनच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’चा. त्याचा सातवा खंड मराठीचा, १९०५चा. नागपुरी आणि तिच्या आसपासच्या बोलींचे नमुने त्यात आहेत. त्याची पानं स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. ते नमुने बहुतांशी सरकारी यंत्रणेमार्फत, एका ठरावीक गोष्टीचा अनुवाद करून घेऊन जमवलेले आहेत. त्यामुळे उच्चारांसाठी ते घ्या, मुलांच्या लेखनासाठी नको. अलीकडच्या कामांमध्ये गणेश देवी यांच्या भाषिक लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे संपादित महाराष्ट्र खंड (२०१३) आणि मराठी अभ्यास परिषदेच्या ‘भाषा आणि जीवन’ या त्रैमासिकाचे जुने अंक पाहा. नागपूरला जाणं झालं, तर विद्यापीठाच्या आणि विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

मुलं लिहायला कशी शिकतात, यावर मराठीत एक भक्कम अभ्यास आहे आणि तो फार थोड्या बी.एड. विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. लिरिल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचं वाचन-लेखन ३ वर्षं पाहिलं. त्याचा इंग्रजी अहवाल २०१७मध्ये आला. वाडा म्हणजे साकोली नव्हे, हे खरं. निष्कर्ष जसेच्या तसे उचलू नका. मुलांचं लेखन कसं गोळा केलं, कसं वाचलं, ती पद्धत घ्या. शालेय शिक्षणाच्या स्थितीवरचे ‘असर’चे अहवाल मात्र इथे कामाचे नाहीत. त्यातली नेहमीची चाचणी वाचन आणि गणिताची असते. लेखनाबद्दलच्या विधानापुढे ‘असर’चा हवाला दिला, तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

बाहेरच्या जगातली दोन नावं पुरेत. चार्ल्स रीड यांनी १९७१मध्ये दाखवलं, की शाळेत जाण्याआधी मुलं स्वतःच्या मनाने जी स्पेलिंग रचतात, ती ध्वनीला धरून आणि शिस्तीत असतात. मीना शॉनेसी न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये शिकवत होत्या. लेखनात कच्च्या मानल्या गेलेल्या नवीन विद्यार्थ्यांचे सुमारे ४००० निबंध वाचून त्यांनी १९७७मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ लिहिलं. प्रत्येक चुकीमागे विद्यार्थ्याचा काहीतरी हिशेब असतो, हे त्यांनी किती मायेने आणि किती काटेकोरपणे दाखवून दिलं आहे! शक्य झालं तर त्याचं एखादं प्रकरण तरी वाचा.

आता शोधण्याची रीत. मराठी शोधनिबंध गुगलला का सापडत नाहीत, यामागे एक साधं तांत्रिक कारण आहे. कित्येक प्रबंध कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले असतात, किंवा नुसते स्कॅन केलेले. डोळ्यांना अक्षरं देवनागरी दिसतात. संगणकाला मात्र ती निरर्थक चिन्हं किंवा चित्र वाटतात. तुम्ही युनिकोडमध्ये ‘झाडीबोली’ लिहून कितीही शोधलंत, तरी असा प्रबंध हाती लागणार नाही. तेव्हा शोधगंगा हे प्रबंधांचं भांडार थेट उघडा. तिथे रोमन लिपीत बोलीचं नाव टाका आणि त्याची सगळी रूपं वापरून बघा : सुरुवात झेडने, जेएचने, ‘झाडी’ आणि ‘बोली’ जोडून, तोडून, नुसतं प्रदेशाचं नाव ‘झाडीपट्टी’. विद्यापीठ नागपूरचं निवडून मराठी विभागाची यादी सरळ वरपासून खालपर्यंत वाचणं हाही चांगला मार्ग आहे. शोधगंगेवर प्रबंधाची सहसा प्रकरणागणिक वेगळी फाइल असते. सर्वांत आधी शेवटची संदर्भसूची उघडा. कुणीतरी काही वर्षं खपून केलेली यादी तुम्हाला आयती मिळते, आणि दोन-तीन सूच्यांमध्ये जे नाव पुनःपुन्हा येतं, ते पुस्तक आधी वाचायचं. गुगल स्कॉलरवर याच्या उलट दिशेने जाता येतं : लिरिलचा अहवाल शोधा आणि त्याचा हवाला पुढे कुणी दिला, ते पाहा.

हाती आलेलं प्रत्येक पान अभ्यासपूर्ण असेलच असं नाही. चर्चासत्रांच्या जाडजूड अंकांवर आयएसएसएन छापलेला असतो. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, दर्जाची हमी नव्हे. लेखकाने माहिती कोणाकडून, कुठे, कशी गोळा केली, हे लेखात सांगितलं आहे का, ते बघा. सांगितलं नसेल, तर तो लेख फार तर मत म्हणून उद्धृत करा. चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून संदर्भ मागवाल, तर प्रत्येक पुस्तक किंवा लेख स्वतः उघडून पाहिल्याशिवाय सूचीत घालू नका. कधीच लिहिली न गेलेली पुस्तकं, लेखकाच्या नावासकट आणि सालासकट, ही साधनं कधीकधी आत्मविश्वासाने सांगतात.

गावातल्या जाणत्या माणसांशी, निवृत्त शिक्षकांशी बोललात, तर तोही संदर्भच. कोण बोललं, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा करताना म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ज्यांनी स्वतः पाहिलं-ऐकलं त्यांच्यापर्यंत जाऊन विचारलं होतं. मराठीत ही शिस्त नवी नाही.

एवढं सगळं धुंडाळूनही ‘भंडारा जिल्ह्यातील पाचवीच्या मुलांचे लेखन’ असा नेमका अभ्यास कदाचित मिळणार नाही. मिळाला नाही, तर आढाव्याच्या शेवटी तसं स्वच्छ लिहा : कुठे शोधलं, कोणते शब्द वापरून शोधलं, काय सापडलं, काय नाही. तुमच्या कामाची गरज तिथेच सिद्ध होते. भंडाऱ्याच्या डाएटमध्ये, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, शिक्षकांच्या कृतिसंशोधनाचे अहवाल पाहायला मिळतात का, हे त्याआधी विचारून या.

वह्यांचे फोटो काढण्यापूर्वी मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घ्या. नावं झाकून क्रमांक द्या. श्रुतलेखन आणि मुलांनी मनाने लिहिलेला मजकूर वेगवेगळा ठेवा, कारण श्रुतलेखनात त्यांच्या कानावर तुमचा ‘ळ’ पडलेला असतो. आणि सुरुवात बोरकरांच्या पुस्तकापासून करा. ते वाचून झाल्यावर पुन्हा वह्या उघडा.