मेंदूतलं रसायन गाईच्या प्रथिनाला का जोडतात?

प्रश्न : एका कॅटलॉगमध्ये ‘गाबा-बीएसए’ असं नाव वाचलं. गाबा हे मेंदूतलं रसायन आणि बीएसए म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, एवढं ठाऊक आहे. पण या दोघांची गाठ कशासाठी मारतात? हे औषध आहे का? (सूक्ष्मजीवशास्त्राची एक विद्यार्थिनी)

उत्तर : औषध मुळीच नाही. हे रोगप्रतिकार यंत्रणेसाठी लावलेलं आमिष आहे.

मेंदूतल्या कोणत्या पेशीत गाबा आहे हे पाहायचं, तर त्याला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं हवीत. ती बहुधा सशाच्या शरीरात तयार करून घेतात. पण नुसतं गाबा टोचलं तर ससा दखलही घेत नाही. त्याचा रेणुभार जेमतेम 103. अल्ब्युमिनचा सुमारे 66,000. शिवाय सशाच्या मेंदूतही गाबा असतंच, मग ते परकं कसं वाटणार? रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनी अशा चिमुकल्या रेणूंना ‘हॅप्टेन’ म्हटलं. तोच रेणू मोठ्या प्रथिनाच्या खांद्यावर बसवला की बी-पेशी त्याला पकडते, प्रथिनासकट गिळते, प्रथिनाचे तुकडे टी-पेशीला दाखवते आणि तिची मदत मिळाली की प्रतिपिंडं बनू लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची मेनआफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराची लसही याच युक्तीवर उभी आहे. तिच्यात जिवाणूची शर्करा धनुर्वाताच्या निष्प्रभ केलेल्या विषाला जोडलेली असते.

आता गाठ कशी मारतात ते पाहू, कारण सगळं मर्म तिथेच आहे. ग्लुटराल्डिहाइडच्या रेणूला दोन्ही टोकांना हात असतात. एका हाताने तो अल्ब्युमिनमधल्या लायसिनला धरतो, दुसऱ्याने गाबाला. त्यामुळे तयार होणारी प्रतिपिंडं नुसतं गाबा ओळखत नाहीत, ग्लुटराल्डिहाइडच्या या पुलासकट गाबा ओळखतात. मोकळं गाबा समोर आलं तर त्यांना ते फारसं ओळखू येत नाही.

हा दोष वाटेल, पण संशोधकांनी त्याचंच सोनं केलं. मेंदूचा काप घेण्याआधी ऊती त्याच ग्लुटराल्डिहाइडने पक्की करायची. मग एरवी धुण्यात वाहून गेलं असतं ते गाबा पेशीतल्या शेजारच्या प्रथिनांना त्याच पुलाने बांधलं जातं. सशाला जे दाखवलं, तेच कापात तयार होतं! 1983 मध्ये ओस्लोतल्या यॉन स्टॉर्म-मॅथिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाने ग्लुटामेट हे मेंदूतलंच आणखी एक रसायन आणि गाबा थेट चेतापेशींत दाखवले. उंदराच्या लहान मेंदूचा असा रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की टपोऱ्या पुरकिंजे पेशींभोवती तपकिरी ठिपक्यांची झालर दिसते. ती शेजारच्या पेशींच्या गाबा सोडणाऱ्या टोकांची.

पण ते ठिपके खरोखर गाबाचेच कशावरून? ग्लुटामेट आणि गाबा यांच्यात फरक फक्त एका कार्बॉक्सिल गटाचा. इथे तुम्ही कॅटलॉगमध्ये वाचलेलं ते गाबा-बीएसए कामाला येतं. प्रतिपिंडं आधी गाबा-बीएसएमध्ये मिसळली तर कापावरचा रंग नाहीसा झाला पाहिजे. ग्लुटामेट-बीएसएमध्ये मिसळली तर तो टिकला पाहिजे. ही चाचणी न दाखवणाऱ्या निबंधातल्या सुंदर छायाचित्रांवर मी विश्वास ठेवत नाही.

प्रतिपिंडं मोजण्याच्या एलायझा या चाचणीत आणखी एक खबरदारी लागते. सशाला बीएसए टोचलं असेल, तर प्लेटवर गाबा दुसऱ्याच प्रथिनाला जोडून बसवायचं. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कीहोल लिंपेट या समुद्री गोगलगाईच्या निळ्या रक्तातल्या हिमोसायनिनला. नाहीतर मोजली जातील ती गाईच्या अल्ब्युमिनविरुद्धची प्रतिपिंडं, आणि तुम्हाला वाटेल गाबा सापडलं.

पुन्हा असं नाव दिसलं तर दोन रसायनांच्या मधला पूल कोणता आहे, ते आधी वाचा. सेरोटोनिनसाठी अनेकदा फॉर्माल्डिहाइडचा पूल वापरतात. तसं असेल तर तुमची ऊतीही फॉर्माल्डिहाइडनेच पक्की केलेली हवी.